प्रवाळबेटांवरील माशांचें गोत

इ. स. १८३६ च्या एप्रिल महिन्यांत 'बीगल' नांवाचें इंग्रज आरमाराचें मोजणीचें जहाज हिंदी महासागरांतील कीलिंग बेटांपाशीं येऊन थांबलें. जहाजावर सत्तावीस वर्षांचा एक निसर्गाभ्यासक होता. त्याचें नांव चार्ल्स डार्विन. हीं बेटें म्हणजे पोवळ्याच्या खडकांचें एक कडेंच आहे. मध्यें उथळ, निवळ पाण्याचें सरोवर आणि कड्याबाहेर एकदम अथांग समुद्र. जवळची मोठी भूमि म्हणजे जावा-सुमात्रा, आणि तीहि सुमारें हजार किलोमीटर दूर. पोवळ्यांचीं बेटें कशीं बनतात ह्याविषयींचा आपला विचार डार्विननें येथें पडताळून पाहिला व १८४२ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. ह्याच मुक्कामांत त्यानें आणखी एक गोष्ट टिपून ठेविली. बेटावरील झाडें थोड्याच जातींचीं होतीं आणि त्यांचीं बीजें लाटांवर तरंगत आलेलीं असलीं पाहिजेत, हें उघड दिसत होतें.

झाडांचा प्रश्न असा सुटला. पक्षी उडून येतात, हेंहि समजण्यासारखें आहे. परंतु त्या सरोवरांत पोवळ्यांच्या फांद्यांतून जे रंगीबेरंगी मासे फिरत होते, ते तेथें कोठून आले? आणि ते आले ते एकदांच येऊन राहिले, कीं अजूनहि येतच आहेत?

प्रथमदर्शनीं हा प्रश्न पोरकट वाटेल. मासा पाण्यांत राहतो आणि समुद्र सगळा एकच आहे. तेव्हां तो पोहत आला असेल, झालें! पण प्रवाळांतील मासा हा नदींतल्या किंवा खोल समुद्रांतल्या माशासारखा भटक्या नाहीं. तो पक्का घरकोंबडा आहे. समुद्रफुलाच्या आश्रयानें राहणारा विदूषक मासा एकदां आपलें फूल धरून बसला कीं जन्मभर त्यापासून थोड्या हातांपलीकडे जात नाहीं. इतर कित्येक जातींचा सारा संसार एका खडकाभोंवतीं होतो. दोन बेटांच्या मध्यें तर हजारों मीटर खोल पाणी. तेथें ना त्यांच्या जोगें खाद्य, ना लपावयास कपार. असा मासा बेट सोडून निघाला तर वाटेंतच कोणाचा तरी घास व्हावयाचा. असें असूनहि अंगावर उभे काळे पट्टे असलेला एक मासा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पॅसिफिक ओलांडून थेट पनामापर्यंत आढळतो. घर न सोडणाऱ्या प्राण्याचें घर अर्ध्याहून अधिक पृथ्वीभर कसें पसरलें, हें खरें कोडें होतें.

डार्विनला ह्या कोड्याची दुसरी बाजू दिसली होती. १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत त्यानें असें दाखविलें कीं, प्राण्यांच्या वस्तींत जे भेद पडतात त्यांचें कारण बहुधा मध्यें असलेला अडथळा हें असतें. जमिनीवरील प्राण्यांना डोंगर आणि वाळवंटें आड येतात, तर किनाऱ्यावरील जलचरांना खोल आणि रुंद समुद्र आड येतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापुढें पॅसिफिकचा विस्तीर्ण बेटहीन पट्टा पसरला आहे. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे जलचर निरनिराळे, म्हणून तो पट्टा त्यानें अशा मोठ्या अडथळ्यांत गणला. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें दीडशें वर्षांनीं तिचा पुन्हां उल्लेख येणार आहे.

कोड्याची किल्ली माशाच्या बालपणांत होती. प्रवाळांतील बहुतेक मासे अंडीं घालतात. कांहीं तीं खडकास चिकटवून त्यांची राखण करितात, कांहीं तीं पाण्यांतच सोडून देतात. अंड्यांतून निघणारें पिलूं हें काडीच्या टोंकाएवढें, कांचेसारखें पारदर्शक आणि आईबापांशीं रूपानें मुळींच न जुळणारें असतें. तें खडक सोडून उघड्या समुद्रांत जातें. तेथें कांहीं दिवस किंवा कांहीं आठवडे काढतें आणि मग रूप पालटून कोठल्या तरी प्रवाळावर येऊन वस्ती करितें. म्हणजे ज्या माशाला आपण घरकोंबडा म्हणतों, त्यानें बालपणीं एक समुद्रपर्यटन उरकलेलें असतें. प्रवास मुलांनीं करावयाचा आणि घर मोठ्यांनीं सांभाळावयाचें, अशी ही उलटी रीत आहे.

इवलेंसें पिलूं केवढा प्रवास करूं शकतें, ह्याचा पुरावा विसाव्या शतकाच्या आरंभीं एका निराळ्याच माशानें दिला. युरोपांतील नद्यांत अहिर फार. पण त्याचें अंडें कोणींच पाहिलें नव्हतें. १९०४ सालीं डेन्मार्कचा योहानेस श्मिट ह्यास उत्तर अटलांटिकमध्यें अहिराचें पानासारखें चपटें पिलूं सांपडलें. पुढें वर्षानुवर्षें समुद्र चाळून, अधिकाधिक लहान पिलें कोठें मिळतात ह्याचा माग घेत घेत, तो सारगासो समुद्रापर्यंत पोंचला आणि १९२२ सालीं त्यानें आपला निष्कर्ष मांडला. युरोपच्या नदींतला अहिर हजारों किलोमीटर दूर जन्मतो, आणि तें अंतर तो पिलाच्या रूपानें तोडतो! हें सिद्ध झाल्यावर प्रवाळांतील माशांचीं पिलेंहि प्रवाहाबरोबर कोठल्या कोठें जात असतील, असें वाटणें साहजिकच होतें.

परंतु तीं पिलें समुद्रांत किती दिवस राहतात? हें दिवस मोजण्याचें साधन माशाच्या कानांतच निघालें. प्रत्येक माशाच्या कानांत चुन्याचा एक बारीक खडा असतो. शास्त्रज्ञ त्यास कर्णाश्म म्हणतात. झाडाच्या बुंध्यांत जशीं वर्षावर्षांचीं वर्तुळें उमटतात, तशीं ह्या खड्यांत दिवसादिवसांचीं वर्तुळें उमटतात, हें जॉर्जिओ पानेला ह्यानें १९७१ सालीं दाखविलें. पिलूं खडकावर वस्तीस येतें त्या दिवसाचीहि खूण खड्यावर राहते. मग काय, खडा घासून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावा आणि प्रवासाचे दिवस मोजावे. १९८९ सालीं एका कुळांतील शंभर जातींच्या माशांचे असे प्रवासदिन मोजून प्रसिद्ध करण्यांत आले. विदूषक माशाचा प्रवास दीड आठवड्याचा, फुलपाखरू माशाचा महिन्याहून अधिक, तर कांहींचा दोन-दोन महिन्यांचा, अशी जातवारी कळूं लागली.

दिवस कळले, प्रवाहांचा वेग माहीत होताच. त्रैराशिक मांडण्यास उशीर लागला नाहीं. प्रवाह दिवसास इतके किलोमीटर जातो, पिलूं इतके दिवस पाण्यांत असतें, म्हणून तें इतक्या दूर जाईल. ह्या हिशेबानें एका बेटाची संतति दुसऱ्या बेटावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर जाते. कोणतेंहि बेट स्वतःची पिलें स्वतः वाढवीत नाहीं, सगळा समुद्र हाच सर्वांचा सामायिक पाळणा आहे, असें मत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झालें.

ह्या मतास बळकटी आली ती आनुवंशिकतेच्या अभ्यासानें. १९६६ च्या सुमारास प्राण्याच्या शरीरांतील प्रथिनांचे भेद विजेच्या साहाय्यानें वेगळे करून दोन ठिकाणच्या प्राण्यांचें नातें पाहण्याची रीत प्रचारांत आली. पुढें खुद्द आनुवंशिक द्रव्य, ज्यास डी. एन. ए. म्हणतात, तेंच वाचतां येऊं लागलें. त्यांतहि पेशींतील एका सूक्ष्म कणांत असणारें द्रव्य केवळ आईकडून येतें. त्यामुळें त्यावरून मातृकुळाचा माग थेट लावतां येतो. बेटाबेटांवरून मासे आणून त्यांचीं हीं कुळें ताडून पाहतां पुष्कळदां असें आढळलें कीं, हजारों किलोमीटर अंतरावरील मासे एकाच गोताचे आहेत.

२००६ सालीं पनामांतील स्मिथसोनियन संस्थेचे लेसिओस आणि रॉबर्टसन ह्यांनीं डार्विनच्या त्या पॅसिफिकमधील अडथळ्याचीच परीक्षा घेतली. सुमारें पांच हजार किलोमीटर रुंदीच्या त्या खोल पट्ट्याच्या दोन्ही बाजूंस दिसणारे वीस प्रकारचे मासे त्यांनीं तपासले. त्यांपैकीं दोन प्रकार असे निघाले कीं, दिसण्यांत एक पण मुळांत भिन्न. उरलेल्या अठरांपैकीं फक्त दोहोंमध्यें पूर्व आणि पश्चिम असा ठळक भेद दिसला. बाकीच्यांचें गोत दोन्ही तीरांवर एकच! त्यांच्या हिशेबाप्रमाणें हे मासे सुमारें तीस हजारांपासून दहा लाख वर्षांपूर्वीपर्यंत निरनिराळ्या काळीं ती दरी ओलांडून गेले होते, आणि ये-जा दोन्ही दिशांनीं झाली होती. डार्विनचा अडथळा अगदींच अभेद्य नव्हता. पण त्यांतील दार फार क्वचित् उघडत होतें.

येथें एक सूक्ष्म चूक होण्याचा संभव होता, आणि ती कांहीं काळ झालीहि. गोत एक आहे, तेव्हां हीं बेटें एकमेकांस सतत मासे पुरवीत असलीं पाहिजेत, असा अर्थ सहज काढला जाई. वास्तविक ह्या चुकीविरुद्धचा इशारा पूर्वींच देऊन ठेवलेला होता. १९३१ सालीं सीवल राइट ह्या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञानें एक गणित मांडलें. निरनिराळ्या बेटांवर एकाच जातीच्या वस्त्या आहेत आणि त्यांच्यामध्यें थोडी ये-जा आहे, अशी कल्पना करून त्यानें दाखविलें कीं, त्या वस्त्या एकमेकींपासून पार तुटूं नयेत ह्यासाठीं फार मोठ्या ये-जेची गरज नाहीं. एका पिढींत सरासरीनें एखादा पाहुणा आला आणि त्याचा वंश तेथें चालला, तरी पुरे.

हें गणित समजण्यास कठीण नाहीं. शंभर कोसांवरील दोन गांवें घ्या. एका पिढींत ह्या गांवची एक मुलगी त्या गांवीं दिली, पुढच्या पिढींत तिकडची एक इकडे आली. एवढ्यानें दोन्ही गांवें एकमेकांचीं सोयरीं राहतात. नाकडोळे, चेहरेमोहरे मिळतेजुळते राहतात. पण उद्यां दुष्काळ पडून एका गांवचीं निम्मीं घरें ओस पडलीं, तर पिढींतून एकदां येणारी ती एक नवरी तीं घरें भरून काढील काय? सोयरीक टिकण्यास एक माणूस पुरतो. गांव नांदण्यास घरोघर मुलें जन्मावीं लागतात. माशांचेंहि तसेंच आहे. डी. एन. ए. ची एकरूपता ही सोयरिकीची साक्ष आहे. ती मदतीची हमी नव्हे.

मग घर भरतें तें कोणाच्या मुलांनीं? ह्याचें उत्तर मिळविण्यासाठीं प्रत्यक्ष पिलांवर खूण करण्यावांचून गत्यंतर नव्हतें. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत लिझर्ड नांवाचें बेट आहे. तेथें जेफ्री जोन्स आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं खडकास अंडीं चिकटविणाऱ्या एका लहान माशाचीं एक कोटीहून अधिक अंडीं टेट्रासायक्लीन ह्या औषधाच्या द्रावणानें खुणावलीं. हें औषध कानांतील खड्यांत उतरतें आणि विशिष्ट प्रकाशांत चमकतें. पुढें त्याच बेटावर वस्तीस आलेलीं सुमारें पांच हजार पिलें पकडून त्यांचे खडे तपासले, तों पंधरांमध्यें ती खूण निघाली.

पांच हजारांत पंधरा! ऐकणारास हा आंकडा हास्यास्पद वाटेल. पण बेटावरील सगळ्या अंड्यांपैकीं फार तर शेंकडा अर्ध्यापासून दोनपर्यंतच अंडीं खुणावलेलीं होतीं, हें विसरतां कामा नये. सगळीं पिलें बाहेरून आलीं असतीं, तर खुणेचें एकहि सांपडतें ना. सगळीं घरचीं असतीं, तर पांच हजारांत पंचवीसापासून शंभरापर्यंत सांपडलीं असतीं. सांपडलीं पंधरा, म्हणजे वस्तीस आलेल्या पिलांपैकीं शेंकडा पंधरा ते साठ त्याच बेटावर जन्मलेलीं होतीं. १९९९ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वेळीं वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉय बेटावरील माशांच्या कानांतील खड्यांच्या रासायनिक घटनेवरून दुसऱ्या एका मंडळीनेंहि तेंच सांगितलें. समुद्र हाच सर्वांचा सामायिक पाळणा, ह्या मतास येथें पहिला मोठा धक्का बसला.

त्यानंतरचे पुरावे पापुआ न्यू गिनींतील किंबे उपसागरांतून आले. तेथें एका विदूषक माशाच्या वस्तींतील आईबापांचें डी. एन. ए. घेऊन, नवीन आलेलीं पिलें कोणाचीं हें न्यायाधीशानें वारसा ठरवावा तसें ठरविण्यांत आलें. २००५ सालीं कळलें तें असें: सुमारें एक तृतीयांशापर्यंत पिलें त्याच वस्तींतलीं होतीं, आणि नऊ ते बारा दिवस समुद्रांत काढूनहि त्यांतील कित्येक आपल्या जन्मस्थानापासून शंभर मीटरांच्या आंत परत आलीं होतीं. २००७ सालीं किंबे ह्याच नांवाच्या चिमुकल्या बेटावर आणखी नवल दिसलें. अकरा दिवस प्रवास करणारा विदूषक मासा आणि अडतीस दिवस प्रवास करणारा फुलपाखरू मासा ह्या दोघांचींहि शेंकडा सुमारें साठ पिलें घरींच परतलेलीं होतीं. प्रवासाच्या दिवसांवरून मांडलेलें तें त्रैराशिक येथें साफ फसलें.

तें फसलें, कारण त्यांत पिलाला काडीकचऱ्याप्रमाणें वाहणारी निर्जीव वस्तु मानलें होतें. तीं पिलें तशीं नसतात. थोडीं मोठीं होतांच तीं चांगलीं पोहतात. २००५ सालीं लिझर्ड बेटाजवळ मेलेल्या पोवळ्यांचे लहान ढीग रचून त्यांतील कांहींवर जिवंत प्रवाळाचा आवाज ध्वनिवर्धकांतून लावला, तेव्हां आवाजाच्या ढिगांवर पिलें अधिक आलीं. २००७ सालीं असेंहि दिसून आलें कीं, कांहीं जातींचीं पिलें निरनिराळ्या प्रवाळांवरील पाण्याचा वास ओळखतात आणि आपल्या घरच्या पाण्याकडे वळतात. वासरूं जसें तिन्हीसांजेस आपला गोठा ओळखतें, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

तथापि सगळींच पिलें घरीं येतात, असेंहि समजूं नये. २०१० सालीं हवाई बेटांत पिवळ्या टँग माशांची पाहणी झाली. हजाराहून अधिक माशांचें डी. एन. ए. ताडतां आईबाप व अपत्य अशा चार जोड्या जुळल्या, आणि अपत्यें आईबापांपासून पंधरापासून एकशें चौऱ्यांशीं किलोमीटरांपर्यंत दूर गेलेलीं आढळलीं. २०१२ सालीं ऑस्ट्रेलियांतील केपल बेटांविषयीं असें प्रसिद्ध झालें कीं, तेथील प्रवाळाचा शेंकडा अठ्ठावीस भाग मासेमारीस बंद असून, तीस किलोमीटरांच्या टापूंत नव्यानें वाढणाऱ्या हेकरू व तांबोशी वर्गांतील दोन माशांच्या पिलांपैकीं जवळजवळ निम्मीं त्या बंद भागांतील आईबापांचीं होतीं. राखलेल्या जागेचा लाभ शेजाऱ्यासहि होतो, तो असा. हा लाभ दहा-वीस, फार तर शें-दोनशें किलोमीटरांच्या शेजाराचा आहे; हजार किलोमीटरांच्या सोयरिकीचा नाहीं.

आतां पुन्हां कीलिंग बेटांकडे वळावें. तेथें आणि हजार किलोमीटरांच्या आंतबाहेर असलेल्या ख्रिसमस बेटावर २००९ सालीं एक विलक्षण गोष्ट नमूद झाली. हिंदी महासागराचे आणि पॅसिफिकचे मासे ह्या बेटांवर एकमेकांस भेटतात, आणि सहा कुळांतील अकरा प्रकारचे संकरित मासे तेथें आढळले. बेट सीमेवरचें, दोन्हीकडून क्वचित् येणारे पाहुणे थोडे, आपल्या जातीचा जोडीदार मिळत नाहीं म्हणून ते जवळच्या जातीशीं घरोबा करितात, असें ह्याचें स्पष्टीकरण दिलें जातें. एकाकी बेटावर येणारे पाहुणे किती विरळा असतात, ह्याहून बोलका पुरावा कोणता?

हा इतिहास केवळ पंडितांच्या विनोदाचा विषय नाहीं. १९९८ सालीं समुद्र अतिशय तापला आणि हिंदी महासागरांतील पोवळीं पांढरीं पडून मोठ्या प्रमाणावर मेलीं. आपल्या लक्षद्वीपासहि त्याची झळ लागली, आणि २०१० व २०१६ सालीं तेंच संकट पुन्हां आलें. लक्षद्वीपांतील मिनिकॉय बेट इतर बेटांपासून सुमारें दोनशें किलोमीटर दूर, एकटें पडलेलें आहे. तेथील कोळी गळानें कुपा मासा धरतात आणि त्याला भुलविण्यासाठीं लागणारे लहान जिवंत मासे आपल्याच सरोवरांतून आणि खडकांवरून गोळा करितात. सरोवर रिकामें झालें, तर दूरदेशचे सोयरे तें भरून देतील, ह्या भरंवशावर त्यांना राहतां येणार नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

मात्र ह्या ज्ञानांत निराशेइतकीच आशाहि आहे. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस किनाऱ्यापासून सुमारें अडीचशें किलोमीटरांवर स्कॉट नांवाची एकाकी प्रवाळरांग आहे. १९९८ च्या तापीनें तेथील बहुतेक पोवळीं मेलीं. जिवंत पोवळ्यांनीं व्यापलेली जागा शेंकडा नवांवर आली. बाहेरून साहाय्य येण्याचा संभव फार थोडा होता. तरी पुढील बारा वर्षांत ती शेंकडा चव्वेचाळीस झाली. ही गोष्ट पोवळ्यांची असली, तरी तिचें मर्म माशांसहि लागू आहे. वांचलेल्या थोड्यांचीच संतति तेथें वाढली, आणि ती वाढूं शकली, कारण तेथें माणसाचा त्रास कमी होता आणि पोवळ्यांवरील शेवाळ खाणारे मासे शाबूत होते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरहि असें एक एकाकी स्थळ आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर समुद्राच्या पोटांत एक प्रवाळाचें पठार बुडालेलें आहे. सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांच्या नांवावरून त्यास 'आंग्रिया बँक' म्हणतात. पाण्याखालीं असल्यामुळें तें डोळ्यांस दिसत नाहीं. पण त्यावर पोवळीं आहेत, आणि पोवळ्यांत नांदणारे मासेहि आहेत. सोयरे किती दूर आहेत हें अशा ठिकाणीं विचारण्यापूर्वीं घरची बीजें किती शिल्लक आहेत, हें विचारलें पाहिजे.

डार्विनपासून आजवर ह्या प्रश्नाचीं उत्तरें तीन वेळां पालटलीं. पहिल्यानें समुद्र ही भिंत वाटली. मग तो पाळणा वाटला. आणि शेवटीं एका काडीएवढ्या पिलाच्या कानांतील खड्यानें सांगितलें कीं, तो दोन्हीहि आहे. हजारों वर्षांच्या मापानें पाहिलें तर दूरच्या बेटांवरील मासेहि बहुधा एकाच गोताचे निघतात. परंतु एका माणसाच्या आयुष्याच्या मापानें पाहिलें, तर प्रत्येक बेटाचा संसार मुख्यतः त्यानेंच चालवावयाचा आहे.